कंपनीकडून

मी जे खोटं बोललो ते एका शब्दाचं होतं. तो शब्द होता 'हो'.

पुष्कळ वर्षं मी त्याला गैरसमज म्हणत आलो. तो गैरसमज नव्हता. शांती नगरमधल्या आमच्या इमारतीखाली, हातात दुधाच्या पिशव्या धरून, चांगला शुद्धीवर असताना मी 'हो' म्हणालो होतो.

दिवाळी नुकतीच संपली होती. मी, बायको आणि आमची दुसरीतली मुलगी असे तिघं हिवाळाभर बेल्जियमला जाणार, ही बातमी सोसायटीत पसरली होती. कशासाठी जाणार, ते मात्र कुणाला नीट माहीत नव्हतं. आमचे सेक्रेटरी गुजराती गृहस्थ, मनाने मोकळे, मराठी बोलायची भारी हौस. त्यांनी मला जिन्यापाशी गाठलं.

"काय साहेब, फॉरेन? कंपनी मोकलते ना? म्हणजे पाठवते ना, कंपनीकडून?"

मी म्हणालो, "हो."

खरं उत्तर काही लांबलचक नव्हतं. माझी बायको तिकडे सायकलच्या शर्यतींत उतरणार आहे आणि मी तिच्याबरोबर जातोय, एवढंच. ते जिभेवर आलंही होतं. पण 'तिच्याबरोबर जातोय' हे शब्द मला कुणीतरी उलटे शिवलेल्या सदऱ्यासारखे वाटले. आमच्या इमारतीत बायका नवऱ्यांबरोबर जात. शिवाय ऑफिसात बिनपगारी रजेचा अर्ज दिला तेव्हा साहेबांनी चष्म्यावरून बघत विचारलं होतं, "बायको शर्यतीत पळणार, मग तू तिकडे काय करणार?" ते चेष्टेतच बोलले होते. तरी तो प्रश्न माझ्या डोक्यातून गेला नव्हता. मी अंधेरीच्या एका औषधांच्या कंपनीत हिशेब बघायचो. त्या कंपनीने मला वापीपलीकडे कधीही पाठवलं नव्हतं, आणि वापीलाही सकाळी जाऊन संध्याकाळी परत.

दुसऱ्या दिवशी लिफ्टजवळच्या काळ्या फळ्यावर रंगीत खडूंनी माझं नाव झळकलं. कंपनीकडून परदेशी नियुक्ती झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन. खाली विमानाचं चित्र होतं, त्याला खिडक्याही काढल्या होत्या.

बायको तेव्हा सराव करून येत होती. सायकल लिफ्टमध्ये मावत नसे, म्हणून ती खांद्यावर घेऊन जिना चढायची. मी रद्दीचा गठ्ठा घेऊन खाली आलो तर ती तशीच, खांद्यावर सायकल घेऊन, फळा वाचत उभी.

"अहो, हे काय?" ती म्हणाली.

चारचौघांत ती मला 'अहो' म्हणायची आणि दार लागलं की 'अरे'. घरात शिरल्यावर तिने सायकल भिंतीला टेकवली आणि म्हणाली, "अरे, तुझी नियुक्ती झाली आणि मला फळ्यावरून कळतंय?"

"त्यांनी विचारलं, मी हो म्हणून गेलो. आता काय एकेकाला समजावत बसू?"

ती हसली. "कंपनीकडून. तसं अगदीच खोटं नाहीये म्हणा. मला कंपनी द्यायलाच येतोयस."

तिने तो माझ्यासाठी सुटकेचा दरवाजा उघडून दिला होता. मी त्यातून निघून गेलो आणि मागे वळून पाहिलं नाही. उलट त्याच संध्याकाळी मुलीला बसवून सांगितलं, "शाळेत कुणी विचारलं, तर बाबांचं काम आहे म्हणून सांगायचं."

"आणि आईचं?"

"आई काय, आई येणार फिरायला."

बायको स्वयंपाकघरात होती. तिने ऐकलं असणार. कुकरची शिट्टी झाली आणि तो विषय तिथेच थांबला.

ती चेण्याची. घोडबंदर रोडच्या कडेला डोंगराच्या पायथ्याशी तिच्या वडिलांची भातशेती होती. काळी, दांडीची सायकल घेऊन ती लहानपणी शाळेत जायची, आणि कापणीच्या दिवसांत बांधावरून भाताचे भारे खांद्यावर घेऊन खळ्यापर्यंत पळायची. चालायची नाही, पळायची, कारण तिच्या म्हणण्याप्रमाणे भारा पळताना हलका लागतो. लग्नाआधी ती राज्यपातळीवर सायकल शर्यतींत उतरली होती. लग्नानंतर शाळेत पीटीची शिक्षिका झाली, मुलगी झाली, आणि सायकल माळ्यावर गेली. मुलगी बालवाडीत जायला लागली तशी एके सकाळी तिने ती खाली काढली. ट्रॅकपॅन्ट घालून अंधारातच निघायची, काशीमिरा नाका ओलांडून घोडबंदरच्या चढावर जायची, परतताना वडिलांकडे चहा घ्यायची. इमारतीत मात्र कुणीतरी विचारायचंच, "वहिनी, एवढ्या सकाळी भाजीला?"

पुण्याजवळ एका शर्यतीत अवेळी पाऊस आला आणि रस्त्याचा एक तुकडा चिखलाने भरला. बाकीच्या बायका उतरून सायकली ढकलू लागल्या. हिने सायकल उचलून खांद्यावर टाकली आणि पळत सुटली. तिथे एक बेल्जियन बाई पाहुणी म्हणून आली होती. साठीची, आखूड पांढऱ्या केसांची, तरुणपणी स्वतः शर्यती केलेली. तिने शर्यत संपल्यावर हिला शोधून काढलं. तिच्या देशात हिवाळ्यात शेतांतून आणि रानांतून सायकलच्या शर्यती होतात. चिखल, वाळू, पायऱ्या, काय वाट्टेल ते. जिथे चालवता येत नाही तिथे सायकल खांद्यावर घेऊन धावायचं. तिचं गावात सायकलचं दुकान होतं आणि वर दोन खोल्या रिकाम्या होत्या. एक हिवाळा येऊन राहा, ती म्हणाली, हे कुणी तुला शिकवलेलं दिसत नाही, पण तुला येतं.

सासऱ्यांना हे समजावून सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हंजे सायकल बाईच्या खांद्यावर बसनार? मग तिला चाकं कशाला हायत?"

आईने, म्हणजे मुंबईत वेगळ्या राहणाऱ्या माझ्या आईने, मला निळा स्वेटर विणून दिला. "ऑफिसात बसून हात गारठतील तुझे," ती म्हणाली. सुनेला तिने लोणच्याची बरणी दिली.

बेल्जियममधली पहिली सकाळ मला अजून दिसते. उजाडायला इतका वेळ लागला की मला वाटलं, घड्याळ चुकलंय. मग हळूहळू खिडकीबाहेर एक करडं शेत तयार झालं. त्यावर झाडं उगवत गेली, दूर चर्चचा मनोरा आला, आणि सगळं पांढरं होतं. बर्फ नव्हता तो, दव गोठलं होतं. प्रत्येक गवताची काडी वेगळी दिसत होती. मुलगी काचेला नाक लावून उभी होती. भाईंदरची मिठागरं बघत वाढलेली पोर ती. म्हणाली, "बाबा, कुणी एवढं मीठ टाकलं?"

आम्ही तिघं खाली उतरून त्या शेताच्या कडेला गेलो. पायाखाली गवत काचेसारखं मोडत होतं. बायकोने हातमोजा काढून वाकून एक काडी तोडली आणि चक्क जिभेला लावली. "खारट नाही," ती मुलीला म्हणाली, अगदी गंभीरपणे.

तिथे ती मला दिवसभर 'अरे' म्हणायची. कुणाला कळत नव्हतं, त्यामुळे 'अहो'ची गरजच उरली नव्हती. आणि मला तिथे सगळे ओळखायचे ते तिचा नवरा म्हणून. दुकानवाली बाई गावात सगळ्यांशी तशीच ओळख करून द्यायची. पाववाल्यापाशी, पोस्टात, शर्यतीच्या मैदानावर. माझं नाव कुणी विचारलं नाही. पहिले काही दिवस ते मला टोचलं. मग एकदा मनात आलं, शांती नगरमध्ये हिला किती जणांनी नाव विचारलं असेल? तिथे ती 'मिसेस' होती, 'वहिनी' होती, आणि पार्सलवाल्यासाठी आमच्या फ्लॅटचा नंबर होती.

पहिली शर्यत एका टेकडीच्या उतारावर होती. मी शर्यत म्हणजे रस्ता, टोप्या, टाळ्या असं काहीतरी धरून चाललो होतो. तिथे गेलो तर एखाद्या जत्रेसारखी माणसं शेतात जमलेली. म्हातारे, पोरं, कुत्री, तळलेल्या बटाट्यांचा वास, आणि गळ्यात बांधायच्या गाईच्या घंटा हातात घेऊन वाजवणारे लोक. दोरी बांधून आखलेली वाट रानात शिरत होती, वाळूच्या खड्ड्यातून बाहेर येत होती आणि मग एका चढावर सरळ आकाशात गेल्यासारखी दिसत होती. शिट्टी झाली आणि बायकांचा एक जथा माझ्यासमोरून असा गेला की जमीन हलल्याचं मला पायांत कळलं. वाळूपाशी त्या चालत्या सायकलवरून उतरल्या, म्हणजे उतरल्या असंही म्हणता येणार नाही. एक पाय हवेत फिरला, सायकल उचलली गेली आणि त्या पळत होत्या, मधे काही घडलंच नाही असं. मी आयुष्यात माणसाचं शरीर इतक्या जवळून, इतकं पूर्णपणे वापरलेलं पाहिलं नव्हतं. आणि त्यांच्या शेवटी, बऱ्याच मागे, चिखलाने माखलेली एक ओळखीची वेणी होती.

माझं काम होतं चिखल धुणं. प्रत्येकीला दोन सायकली असतात. एक चिखलाने जड झाली की ती वाटेतल्या ठरावीक जागी टाकायची आणि दुसरी स्वच्छ सायकल घेऊन पुढे पळायचं. ती पुढची फेरी मारून येईपर्यंत मी घाण झालेली सायकल बादली-ब्रशने साफ करून, चेन पुसून, हँडल तिच्या हाती नीट येईल अशी धरून उभं राहायचं. पहिल्या वेळी मी ती चुकीच्या बाजूने धरली. तिने पळता पळता ती माझ्या हातून ओढून घेतली आणि ओरडली, "अरे, डावीकडून." शर्यत संपल्यावर दुकानवाल्या बाईने मला रिकाम्या अंगणात अर्धा तास सायकल धरून उभं केलं आणि स्वतः पळत येऊन ती घेत राहिली, माझे हात शिकेपर्यंत.

त्या शर्यतींचा एक नियम फार निष्ठुर वाटला मला. पुढच्या बायका फेरी पुरी करून तुम्हाला मागून गाठायला आल्या, की केशरी जाकिटातला माणूस हात वर करतो आणि तुम्हाला बाहेर काढतो. शेवटची फेरी सुरू झाली की रेषेवर टांगलेली मोठी पितळी घंटा वाजवतात. ज्यांना बाहेर काढलं नाही त्यांनाच ती सायकलवरून ऐकायला मिळते. माझ्या बायकोला ती मिळत नव्हती. दर रविवारी तो केशरी हात वर जायचा. ती दोरीखालून वाकून बाहेर यायची, सायकल माझ्याकडे द्यायची आणि म्हणायची, "आज पण नाही ऐकली." रडायची नाही. रात्री सूप पिताना नकाशासारखी ती वाट टेबलावर बोटाने काढायची आणि कुठे वेळ गेला ते मुलीला दाखवायची.

जिंकण्याचा प्रश्नच नव्हता, हे तिला पहिल्या दिवशीच कळलं होतं. तिला एकदा घंटा ऐकायची होती.

शेवटचा रविवार आला तेव्हा थंडी जरा उतरली होती आणि गोठलेली शेतं वितळली होती. आम्ही पोचलो तर बाकीच्या बायका वाटेकडे बघून तोंडं वाकडी करत होत्या. नांगरलेल्या शेतातून जाणारा एक लांब पट्टा पार चिखल झाला होता, घोट्याच्या वर. माझी बायको त्याच्या कडेला उकिडवी बसली. मूठभर चिखल घेऊन बोटांमध्ये दाबला.

"अरे," ती म्हणाली, "हे तर आमचं शेत आहे."

तिने त्या दिवशी तो पट्टा एकदाही सायकलवरून पार करायचा प्रयत्न केला नाही. इतर बायका चालवायला जात, रुतत, पडत, मग उतरत. ही आधीच उतरायची, सायकल खांद्यावर टाकायची आणि पळायची. पाऊल सपाट टाकून, गुडघे फार न उचलता, अंग किंचित पुढे झुकवून. मी ती चाल पाहिली होती. लग्नानंतरच्या पहिल्या कापणीला चेण्याला गेलो होतो तेव्हा बांधावर बसून पाहिली होती, आणि तेव्हा मला वाटलं होतं, काय हे कष्ट. आता हजार कोस दूर, परक्या लोकांच्या गर्दीत, तीच चाल होती. त्या पट्ट्यावर ती दर फेरीला एकदोघींना मागे टाकत होती. दोरीपलीकडच्या म्हाताऱ्यांनी ते हेरलं. ते तिची वाट बघू लागले. ती रानातून बाहेर आली की त्यांच्या घंटा वेड्यासारख्या वाजायला लागायच्या. दुकानवाली बाई तिच्या भाषेत काहीतरी ओरडत होती आणि आमची पोर मराठीत, "आई, भारा, भारा."

मी ब्रश हातात धरून उभा होतो. मला लाज वाटायला हवी होती, ती नंतर वाटली. त्या वेळी मला फक्त एवढंच कळत होतं की ज्या बाईबरोबर मी रोज पोळीभाजी खातो तिच्या आत हे एवढं मोठं काहीतरी आहे, आणि ते माझ्या घरात, माझ्या माळ्यावर, जुन्या गाद्यांच्या मागे पडून होतं.

केशरी जाकिटातला माणूस रेषेवर उभा होता. ती आली. त्याने मागे पाहिलं. मागची वाट रिकामी होती. त्याचा हात खालीच राहिला.

आणि घंटा वाजली.

देवळातल्या घंटेसारखाच आवाज होता, थोडा जाड. तिने ती ऐकली हे मला तिच्या पाठीवरून कळलं. ती क्षणभर ताठ झाली आणि मग पुन्हा वाकली. शेवटच्या फेरीत तिने माझ्याकडून सायकल घेतली तेव्हा मी ती डावीकडून धरली होती, आणि जाता जाता ती म्हणाली, "ऐकलीस?"

शर्यत संपल्यावर ती चिखलात तशीच बसून राहिली. दात वाजत होते. मी माझा निळा स्वेटर काढून तिला घातला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "घरी फोन कर ना. आत्ता कर."

मैदानाच्या कोपऱ्यावर काचेचा टेलिफोन बूथ होता. आम्ही तिघं आत घुसलो. मुंबईला आई फोनपाशीच बसली असावी, पहिल्या घंटीला फोन उचलला. मागे टीव्ही चालू होता.

"कसा आहेस रे? थंडी फार आहे का?"

"आहे. सोसवतेय."

"आणि काम? काम कसं चाललंय तुझं?"

बायको माझ्या खांद्याला खांदा लावून उभी होती. तिच्या अंगावर आईने विणलेला स्वेटर होता, गालावर चिखल वाळून भेगाळला होता, आणि ती हसत होती. फोन आपल्या हातात येईल म्हणून तिने हात थोडा पुढेही केला होता. बूथच्या काचेवर आमच्या श्वासांचं धुकं जमलं होतं.

"चांगलं चाललंय," मी म्हणालो. "आज एक मोठं काम झालं."

तिचा हात मागे गेला. तिने तो स्वेटरच्या बाहीत ओढून घेतला. मग मुलीच्या टोपीवरचा चिखल काढू लागली.

जानेवारीच्या मध्यावर आम्ही परतलो. विमानात मुलीने विचारलं, "आता सांगायचं का, आईने घंटा ऐकली ते?" मी म्हणालो, "ते आपलं आपल्यात." बायको खिडकीबाहेर बघत होती. खाली ढग होते.

सव्वीस जानेवारीला दरवर्षीप्रमाणे सोसायटीचा सत्यनारायण होता. संध्याकाळी आवारात मांडव, खुर्च्या, मुलांची संगीत खुर्ची, आणि मग बायकांचं हळदीकुंकू. त्याआधी सेक्रेटरींनी माइकवरून माझं नाव पुकारलं. आपल्या बिल्डिंगचा माणूस कंपनीकडून फॉरेनला गेला, आपल्या सगळ्यांची शान आहे, म्हणाले. मला शाल आणि नारळ दिला. मी वाकून घेतला. आई पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होती. मी माइकमध्ये 'धन्यवाद' म्हणालो. ते दुसरं 'हो' होतं.

नंतर मी मांडवाच्या मागे मसाला दुधाचे ग्लास भरत होतो तेव्हा पडद्यापलीकडे बायकांनी हिला उखाण्यासाठी धरलं. "फॉरेनवाली, नाव घे, नाव घे. मिस्टर एवढे घेऊन गेले तुला." ती आधी नको म्हणाली. मग तिचा आवाज आला, सरळ, पीटीच्या तासाला सूचना द्याव्या तसा:

"चिखलातून उचलली सायकल, थंडीत गोठले हात," आणि पुढे माझं नाव, राव लावून, "यांच्या कंपनीने दिली परदेशात साथ."

बायका खूश झाल्या. "बघा, कंपनीलापण विसरली नाही," कुणीतरी म्हणालं. मी ग्लास भरत राहिलो आणि दूध ओसंडून टेबलावर आलं. त्या ओळीतलं खरं त्या पूर्ण मांडवात फक्त मला कळत होतं. तिने मला उघडं पाडलं असतं तर मी रागावू शकलो असतो. तिने माझं नाव घेतलं होतं, आणि स्वतःची सायकल त्याच्या आत लपवली होती.

पुढच्या दिवाळीआधी दुकानवाल्या बाईचा फोन आला. खोल्या रिकाम्या आहेत, पट्ट्यावर पळणाऱ्या बाईची म्हातारे चौकशी करतात, यंदा येणार ना? बायको फोनवर बराच वेळ 'नो' म्हणत होती, मऊपणे.

"का नाही म्हणालीस?" मी विचारलं.

ती कपड्यांच्या घड्या घालत होती. "यंदा काय सांगायचं खाली? तुझी कंपनी अजून किती वेळा पाठवेल?"

"त्याचं काय एवढं."

"काही नाही. मला पुन्हा फिरायला जायचं नाहीये, एवढंच."

'फिरायला' हा शब्द माझाच होता. एका वर्षानंतर तो घडी घातलेल्या कपड्यासारखा माझ्यासमोर आला. तरी मी खाली जाऊन खरं सांगितलं नाही. तो हिवाळा ती घरीच होती. सायकल बाल्कनीत उभी असायची आणि तिच्या हँडलवर मुलीचे मोजे वाळत असायचे.

डिसेंबरात मुलीच्या शाळेत चित्रांचं प्रदर्शन होतं. आम्ही दोघं गेलो. भिंतीवर तिचं चित्र होतं: तपकिरी जमीन, पांढरं आकाश, लांब वेणीची एक बाई आणि तिच्या खांद्यावर सायकल. बाजूला बादली घेतलेला एक लहानसा माणूस. बाई त्याच्या दुप्पट उंच होती. वर्गशिक्षिका कौतुकाने म्हणाल्या, "किती छान निरीक्षण आहे. मी विचारलं, आईची सायकल पंक्चर झाली का गं? म्हणाली, हो."

बायकोने माझ्याकडे पाहिलंही नाही. ती चित्राकडे बघत होती. मुलगी आमच्या दोघांच्या मध्ये उभी होती आणि पायाने फरशीवर रेघ ओढत होती. इतक्या सहज ती हो म्हणाली असणार. तो शब्द तिला कुठून मिळाला ते मला विचारावं लागलं नाही.

सव्वीस जानेवारीच्या सकाळी मी आधी पूजेसाठी आलेल्या आईला सांगितलं. ती वाल सोलत होती. मी सगळं सांगितलं, दुधाच्या पिशव्यांपासून टेलिफोन बूथपर्यंत. ती सोलत राहिली.

"म्हणजे तुझी कंपनी बुडाली म्हणायची," ती शेवटी म्हणाली. मग हातातले वाल परातीत टाकले. "मला सांगितलं असतंस तर तिच्या मापाचा विणला असता मी. आणि पायमोजे दिले असते. चिखलात पळत होती पोर, आणि मी तिला लोणचं दिलं."

संध्याकाळी मांडवात गेल्या वर्षीची शाल घेऊन गेलो. सेक्रेटरी बक्षिसं वाटत होते. मी जाऊन म्हणालो, मला दोन मिनिटं बोलायचंय. "बोला ना साहेब, पुन्हा फॉरेन?" ते म्हणाले आणि माइक माझ्या हातात दिला.

मला भाषण येत नाही. मी म्हणालो की गेल्या वर्षी इथे बायकोने माझं नाव घेतलं होतं, आज मला तिचं घ्यायचंय, पण यमक जुळत नाहीये, तेव्हा तसंच घेतो. मग मी तिचं नाव घेतलं. माहेरचं आणि सासरचं, पूर्ण. इतकी वर्षं एका छपराखाली राहून ते नाव मी चारचौघांत मोठ्याने उच्चारण्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ते माइकमधून आवारभर गेलं. मी म्हणालो, बेल्जियमला हिला बोलावलं होतं. सायकलच्या शर्यतींसाठी. माझ्या कंपनीने मला वापीपलीकडे कधी पाठवलेलं नाही. मी तिथे सायकली धुतल्या, आणि ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम होतं, पण मला ते सांगायची लाज वाटली, म्हणून मी खोटं बोललो. ही शाल माझी नाही.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. लोकांना काय करावं ते कळत नव्हतं. सेक्रेटरी हळूच म्हणाले, "अरे भगवान, मी तर विमानपण काढला होता."

ती शेवटच्या रांगेत उभी होती, हातात हळदीकुंकवाचं ताट. मुलगी तिच्या पदराला धरून होती. मी खुर्च्यांमधून तिथपर्यंत गेलो. माइक मागेच ठेवला होता. आधी मुलीसमोर वाकलो आणि म्हणालो, "तुला मी खोटं बोलायला शिकवलं. ते माझं चुकलं. आईची सायकल पंक्चर झाली नव्हती." मग उभा राहिलो. माझ्या हातात ती शाल होती आणि तिच्या हातात ताट, त्यामुळे ती देताही येईना.

"त्या बूथमध्ये फोन तुझ्या हातात द्यायला हवा होता," मी म्हणालो. "तो फोन तुझा होता. मला माफ कर."